ट्रंकेच्या झाकणातला साहेब

आमच्या हापिसच्या पार्किंगमध्ये एक बुलेट लागते. आमच्याच टीममधल्या एका मित्राची. हप्ते फेडता फेडता बिचाऱ्याची कंबर मोडली आहे, पण रोज सकाळी रुमालाने टाकी पुसल्याशिवाय लिफ्टकडे येत नाही. परवा शुक्रवारी त्याने टाकीवर नवा स्टिकर लावला. जुन्या वळणाच्या अक्षरांत, 'मेड लाइक अ गन'. "कसला भारी दिसतोय ना?" असं विचारायची चूक त्याने माझ्यासमोर केली. मग काय, चहाच्या टपरीवर मी त्याला चांगला अर्धा तास पिळला.

तर मंडळी, ही बढाई मुळात मोटरसायकलची नाहीच. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव आहे. तिथली एक सायकल कंपनी एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायची. त्या नात्यावरून १८९३ मध्ये त्यांनी आपल्या सायकलीला नाव दिलं रॉयल एनफिल्ड, आणि खाली हे वाक्य जोडलं. चिन्ह म्हणून तोफ. पहिली मोटरसायकल आली १९०१ मध्ये आणि मद्रासला बुलेट जुळवायला लागले १९५५ पासून. म्हणजे माझा मित्र ज्याला 'स्टाइल' म्हणतो ती सव्वाशे वर्षांहून जुनी जाहिरात आहे.

खरी गंमत तर पुढेच. शाळेत आमच्या वर्गातल्या मुली ज्या नाजूक लेडीबर्ड सायकलवर यायच्या, ती कोणाची? बीएसएची. आणि बीएसए म्हणजे? बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स! १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. १८८० च्या सुमारास त्या सायकली करायला लागल्या. त्यांचं जुनं चिन्ह म्हणजे एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन रायफली. हे ऐकून मित्राचा चहा नाकातून यायचा बाकी होता.

"पण तुला हे असलं सगळं कुठून माहीत?" त्याने विचारलं.

आता कबुली द्यायला हरकत नाही. मी बंदुकांच्या जुन्या जाहिराती जमवतो. बंदुका नाही हो, नुसत्या जाहिराती! पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी रद्दीच्या ढिगात बसलेला, चष्मा लावलेला आणि पाठीला लॅपटॉपची सॅक अडकवलेला माणूस दिसला तर तो मी असण्याची शक्यता बरीच आहे. इंग्रजी साप्ताहिकांचे फाटके अंक, कॅलेंडरं, किंमतपत्रकं. माझ्या आईच्या मते हे लग्न न झाल्याचं लक्षण आहे. असो.

या छंदात मी एकटा नाही. जगभर बंदुका जमवणाऱ्या लोकांत हा एक मोठा पंथच आहे. अमेरिकेत विंचेस्टरची जुनी कॅलेंडरं आणि पोस्टरं बंदुकीइतक्याच मायेने सांभाळतात. फिलिप गुडविनसारख्या नावाजलेल्या चित्रकारांनी ती रंगवलेली आहेत. डोंगर, बर्फ, घोडा, आणि खोगिरावरून वळून बघणारा एक माणूस. इंग्लंडात ईली आणि कायनॉक या कंपन्या दुकानात टांगायला काडतुसांचे फलक करायच्या, लाकडी चौकटीत गोलाकार नक्षीसारखी मांडलेली खरी पण रिकामी काडतुसं. ते आता लिलावात जातात. आणि आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचा १९०७ चा जाडजूड कॅटलॉग १९६९ मध्ये पुन्हा छापला गेला, तोही फक्त आठवणी काढायला! या दुकानाची मुंबईतली शाखा १८९१ मध्ये निघाली होती. काळा घोड्याजवळ ती इमारत अजून उभी आहे. हिंदुस्थानात येणारा साहेब त्या एकाच कॅटलॉगातून तंबू, बूट, मुरंबा आणि बंदूक मागवायचा.

आपल्याकडे मात्र या जाहिराती आपल्यासाठी नव्हत्याच. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने आपल्या लोकांना परवान्याची सक्ती आणि गोऱ्यांना मोकळीक. त्यामुळे चित्रात कायम हॅटवाला साहेब, नाहीतर एखादा महाराजा, आणि पायाशी वाघ. आपला माणूस असलाच तर मागे, हाका घालणाऱ्यांच्या रांगेत. १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि ते चित्रच संपलं. एक आठवण आहे, पण ती नेमकी कोणाची, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता.

कारण माझ्या लेखी ती आमच्या बेंबळीच्या घरातलीच होती.

बेंबळीच्या वाड्यात, मधल्या खोलीत, आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. पूर्वी लोक ट्रंकेच्या झाकणाला आतून चित्रं चिकटवायचे, लक्ष्मी, शिवाजी महाराज, एखादी नटी. आजोबांनी चिकटवली होती ईलीच्या काडतुसांची जाहिरात. कुठल्या तरी इंग्रजी मासिकातून कापलेली. दलदल, उडणारी बदकं, तोंडात पक्षी धरलेला झुबकेदार कानांचा कुत्रा, आणि गुडघाभर बूट घातलेला साहेब. ट्रंकेत धोतराच्या फडक्यात गुंडाळून, दोन तुकड्यांत मोडून ठेवलेली एकनळी बारा बोअर. झाकण उघडलं की शिवणयंत्राच्या तेलाचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास यायचा. मी दिवाळीत टिकल्यांची बंदूक घेऊन त्या साहेबासारखा उभा राहायचो. कुत्र्याच्या जागी आमची शेळी. :-)

आजोबांनी त्या बंदुकीने एकही बदक मारलं नाही. बदकं असण्याइतकं पाणी आमच्याकडे असतं कधी? रात्री भुईमुगात रानडुकरं शिरली की ते बांधावर उभं राहून हवेत एक बार काढायचे, बस. काडतुसं शक्तिमान, खडकीच्या कारखान्यातली. रिकामी टरफलं आम्हा पोरांच्या वाट्याला यायची, तोंडाला लावून फुंकली की मस्त शिट्टी वाजायची.

त्यांनी बंदूक घेतली ती शिकारीच्या हौसेने नाही. १९४८ साली ते तेरा वर्षांचे होते. आमचा भाग निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या भीतीने घरच्यांनी बैलगाडी जुंपली आणि सरहद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात नेऊन टाकली. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात शिरली, चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं, मग ही मंडळी परतली. आजोबा त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "तवा घरात धड काठीबी न्हवती." ७२ च्या दुष्काळानंतर चोऱ्यामाऱ्या वाढल्या तेव्हा त्यांनी परवान्याचा अर्ज केला. कारण लिहिलं, शेतसंरक्षण.

निवडणूक आली की परवानाधारकांना बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम यायचा. आजोबा ती फडक्यात गुंडाळून, पोरगी सासरी निघाल्यासारखं तोंड करून घेऊन जायचे. महिन्या-दीड महिन्याने परत आणायचे, तेल लावायचे आणि पुन्हा साहेबाच्या हवाली करायचे.

२०२३ मध्ये आजोबा गेले. बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि घरात प्रश्न उभा राहिला की पुढे काय. वारसाच्या नावावर परवाना करून घेता येतो. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, सुरक्षिततेचं प्रशिक्षण, पोलिसांची चौकशी, सगळं रीतसर. वडील म्हणाले, नको ही कटकट. मी म्हणालो, मी करतो! आजोबांची एवढी एकच निशाणी, आणि माझ्यासारखा जाहिरातवेडा ती सोडणार? मी फॉर्म डाउनलोड केले, एक्सेलमध्ये कागदपत्रांची यादीही केली. (आमची जात! घरात लग्न असलं तरी आधी एक्सेल उघडणार.)

पुण्यात कॅम्पमध्ये माझ्या ओळखीचे एक वयस्कर संग्राहक आहेत, त्यांना विचारायला गेलो. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली, तेव्हा त्यांना आपल्या वडिलांची दुनळी द्यावी लागली होती. त्या जागी भिंतीवर आता तिच्या कंपनीची जुनी जाहिरात फ्रेम करून लावली आहे. चहा घेताना त्यांनी एक अमेरिकन छापील कागद दाखवला, आयव्हर जॉन्सन कंपनीची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जाहिरात. पलंगावर झोपायच्या कपड्यांत एक चिमुरडी, शेजारी बाहुली, आणि हातात रिव्हॉल्व्हर. खाली मजकूर अशा अर्थाचा, की बाबा म्हणतात याने आपल्याला काही होणार नाही. चुकून उडणारच नाही अशी बनावट, ही त्यांची शेखी! (ही कंपनीसुद्धा सायकली करायची, बरं का.) काका हसत म्हणाले, "काय जमाना होता बघ." मीही हसलो.

दुसरी एक जाहिरात सगळ्या संग्राहकांना पाठ असते. अमेरिकन रायफलमन मासिक, फेब्रुवारी १९६३, शिकागोच्या क्लाइन्स दुकानाचं पान. इटालियन लष्करी रायफल, दुर्बिणीसकट, १९.९५ डॉलर. खोट्या नावाने कूपन भरून, टपालखर्च धरून २१.४५ डॉलर पाठवून ज्याने ती मागवली त्याचं नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. त्याच नोव्हेंबरात केनेडी गेले. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, टपालाने बंदूक मागवायची सोय कायद्याने बंद झाली. एवढं सगळं मला तोंडपाठ होतं.

माहीत नव्हतं ते आमच्या घरातलं.

गेल्या महिन्यात सह्या घ्यायला बेंबळीला गेलो. आजी ओसरीवर तूर निवडत होती. मी फॉर्म काढले तशी म्हणाली, "कशाचे कागद हायत रं?" सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. नानांना, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांना, हाक मारली आणि म्हणाली, "सांगू का ह्याला?" नाना काही न बोलता गोठ्याकडे गेले. मग तिने सांगितलं. (हे मी नानांना विचारून लिहितोय. ते म्हणाले, "लिही. कुणाच्या तरी कामी येईल.")

२०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तो महिना. नानांचा ऊस वाळला होता, दोन बोअर कोरडे गेले होते, कर्जाचा आकडा घरात फक्त त्यांनाच माहीत. शेजारच्या गावातून एकेक बातम्या येत होत्या. आजीने कोणालाही न सांगता, आधीच एक दिवस ट्रंकेतली काडतुसं काढून तुरीच्या कणगीत पार तळाशी घातली होती. एका रात्री तिला ट्रंकेची कडी वाजलेली ऐकू आली. उठून आली तर नाना मधल्या खोलीत, बंदूक जोडून मांडीवर घेतलेली. ट्रंक सताड उघडी, कपडे बाहेर काढलेले. ते काडतुसं शोधत होते.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? बाजूला बसले. म्हणलं, चहा टाकू का? दूध न्हवतं, काळाच केला."

दोघं पहाटेपर्यंत तिथे बसून होते. आजोबांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला, होस्टेलच्या भिंतीवर विंचेस्टरच्या घोडेस्वाराचा प्रिंटआउट लावून सबमिशनं पूर्ण करत होतो.

परतीच्या एसटीत मला सारखी ती पलंगावरची चिमुरडी आठवत राहिली. या सगळ्या चित्रांत बंदूक कायम बाहेर असते, दलदलीत, जंगलात, घोड्यावर. घराच्या आत, पलंगावर दाखवलेली माझ्या संग्रहात तेवढी एकच, आणि तिच्यावर मी हसलो होतो. बंदूक तर वर्षातले बहुतेक दिवस घरातच असते की! नानांच्या हातातली बंदूक चुकून उडणारी नव्हतीच. तिच्यात काही बिघाड नव्हता. आणि हीच बंदूक घरात आहे म्हणून आजोबा चाळीस-पन्नास वर्षं निवांत झोपले, हेही खोटं नाही. मला अजून या दोन गोष्टी एकत्र जुळवता आलेल्या नाहीत.

परवान्याचा अर्ज मी भरला नाही. बंदूक सरकारजमा करायच्या कागदावर वडील आणि नाना, दोघांनी सह्या केल्या. नानांनी तारीख घालताना दोनदा खाडाखोड केली. ते आता ठीक आहेत. उसाचा नाद सोडला, सोयाबीन आणि तूर करतात, आणि माझ्या लग्नाच्या विषयात आईच्या बाजूने असतात.

ती ईलीची जाहिरात मात्र मला हवी होती. पुण्याहून ब्लेड, ब्रश आणि पातळ प्लास्टिकची फाइल घेऊन गेलो होतो, वाफेने कागद सोडवायचा व्हिडिओही बघून ठेवला होता. ट्रंक उघडली तर आत आजीच्या गोधड्या भरलेल्या, वर नातवंडांचे स्वेटर. साहेबाचे बूट ओलीने पिवळे पडलेत, पण कुत्रा अजून तसाच.

"आजी, हे चित्र काढून घेऊ का?"

"कशाला? पत्रा उघडा पडंल, गंज धरंल. माझ्या गोधड्या खराब होतील त्याच्यानं," ती म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.