अर्धा किलो

गेल्या महिन्यात आमच्या बिबवेवाडीत, शेजारच्याच गल्लीत, एका बाईंची साखळी ओढली. लगेच भाच्याचा फोन, "मावशी, एकटी राहतेस, रिव्हॉल्व्हरचं लायसन काढ. 'निर्भीक' बघ, बायकांसाठीच काढलंय."

कानपूरच्या आयुध कारखान्यानं २०१४ साली आणलेलं हे ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अवघं ५०० ग्रॅम, पर्समध्ये मावणारं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. नाव दिल्लीच्या 'निर्भया'ची आठवण देणारं.

मी अर्धा किलो साखर पर्समध्ये घालून फिरून पाहिलं. वजन झेपलं हो! पण संधिवाताच्या बोटांना पर्सची चेनच उघडेना. आणि उघडली, तरी समोर माझाच एखादा जुना विद्यार्थी निघाला तर?...

साखर डब्यात ओतली. आता शेजारणीबरोबर फिरायला जाते, साखळी घरी ठेवून.