पुकेकोहेचा कांदा

“या गावातल्या एकाही न्हाव्यानं माझ्या बापाचे केस कापले नाहीत, बेन.”

कांद्याची पिशवी माझ्या हातात देता देता ते गुजराती काका बोलून गेले आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. या गोष्टीला बरेच महिने झाले, पण वाक्य काही डोक्यातून जात नाही. आपल्या मंडळींत हा विषय काढला की लोक म्हणतात, जुनं झालं ते, सोडून दे. मला सोडता येत नाही.

आम्ही निफाड तालुक्यातले. लासलगावचं मार्केट गाडीनं अर्ध्या तासावर. घरी दोन्ही हंगामांत कांदा, त्यामुळे बालपण उळं टाकणं, रोप उपटणं, लागण, काढणी आणि चाळ भरणं यातच गेलं. लग्न झालं, नवऱ्याची नोकरी इकडे, म्हणून न्यूझीलंडला आले. ऑकलंडच्या दक्षिणेला पापाटोएटोएत राहतो. तिथे निम्मी दुकानं आपल्याच लोकांची आहेत, त्यामुळे हळद-धन्यापासून कडव्या वालापर्यंत काही अडत नाही. अडला तो कांदा. आपला लाल कांदा इथे महाग, सॅलडमध्ये कच्चा खायचा म्हणून विकला जाणारा. रोजचा स्वस्त कांदा म्हणजे तपकिरी सालीचा, घट्ट, जड. पहिल्यांदा काळ्या मसाल्याच्या वाटणासाठी तो गॅसवर भाजायला ठेवला, तर वरचं साल जळून कोळसा झालं तरी आत कच्चाच. आमच्याकडे चुलीच्या निखाऱ्यात कांदा टाकून विसरून जायचं, भाकरी होईतो तो मऊ होऊन बसतो. इथल्या कांद्याला मंद आच आणि दुप्पट वेळ द्यावा लागतो. दिला, की मात्र रस्सा असा होतो की माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, कांदा गावाहून आणलास का?

त्या पिशवीवर नाव होतं, पुकेकोहे. आमच्या घरापासून मोटरवेनं फार लांब नाही. एका जानेवारीत आम्ही गेलो. मला माती बघायची होती.

माती बघितली आणि खरंच बरं वाटलं. जुन्या ज्वालामुखीची तांबूस, भुसभुशीत जमीन. एका टेकडीभोवती लाटांसारखी उतरत गेलेली शेतं. उपटलेला कांदा ओळीनं उन्हात सुकत पडलेला. आपल्याकडे पात वाळली की बाया खांडणीला बसतात, इथे यंत्र फिरतं. रोप लावत नाहीत, बी सरळ यंत्रानं पेरतात. एक टिकाऊ वाण आहे, त्याचं नावच पुकेकोहे लाँगकीपर. आपल्या उन्हाळ कांद्याचा भाऊ म्हणावा असा. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेला कांदा आषाढापर्यंत छान राहतो, त्यामुळे आमची कांदेनवमी त्याच्यावरच होते. चातुर्मास पाळणारी घरं इथे किती आहेत माहीत नाही, पण कांदेनवमी सगळ्यांना आठवते. बाहेर जुलैची थंडी, आत खेकडा भजी, कांद्याची थालीपीठं, भरले कांदे. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस सुरू झालेला असतो, इथेही नेमका पाऊसच असतो, फक्त गार.

तर अशा आनंदात रस्त्याकडेच्या त्या स्टॉलवर थांबलो होतो. काका ऐंशीच्या पुढचे. वडील नवसारीकडचे, 1920 च्या दशकात आलेले. मी कौतुकानं म्हटलं, काका, तुमच्या लोकांनी काय सुंदर शेती उभी केली इथे, गावात मान असेल. त्यावर ते वाक्य आलं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना पुन्हा विचारलं. ते रागानं सांगत नव्हते, हेच मला जास्त लागलं. गावात न्हाव्याची दुकानं होती. भारतीय माणूस आत गेला की काम नाही असं म्हणत, किंवा बघतच नसत. मग शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये खोक्यावर बसून पुरुष एकमेकांचे केस कापायचे. कुणाचं लग्न असलं तर ऑकलंडला जायचं. सिनेमाला जायचं तर खाली बसायचं, बाल्कनी गोऱ्यांची. काकांनी स्वतः खाली बसून सिनेमे पाहिलेत. हॉटेलातल्या बारच्या चांगल्या खोलीत प्रवेश नाही.

आता विचार करा. त्याच माणसानं पिकवलेला कांदा त्या न्हाव्याच्या घरी चुलीवर शिजत होता. त्या माणसाच्या हाताची भाजी चालते, बटाटा चालतो, कोबी चालतो. त्याच्या डोक्याला हात लावायला नको! मी रात्रभर हाच हिशेब करत होते. केस कापायला काय लागतं? एक कात्री आणि पंधरा मिनिटं. कुणी जमीन दिली नाही तर त्यात पैशाचा व्यवहार असतो, स्पर्धा असते, समजू शकतं. पण न्हावी नाकारतो, त्यात त्याचा स्वतःचाच धंदा बुडतो. तरी तो नाकारतो. माणसाला खुर्चीत बसवून मानेभोवती कापड गुंडाळायचं, त्याच्या कानामागे बोट न्यायचं, एवढी जवळीक नको म्हणून. बाप मुलाला घेऊन दुकानात गेला असेल आणि मुलासमोर परत फिरला असेल, तर घरी जाताना तो मुलाला काय म्हणाला असेल? हे मी काकांना विचारलं नाही. विचारवलं नाही.

नंतर वाचनालयात बसून मी जमेल तेवढं वाचलं. भारतीय माणूस तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचाच प्रजाजन, तरी 1920 च्या कायद्यानं परवान्याची अट घालून नव्या भारतीयांना दार जवळजवळ बंद केलं. जे आधी आले होते ते पंजाबातले आणि नवसारी-सुरतकडचे. झाडोरा तोडणं, दलदलीत चर खणणं असली कामं करून त्यांनी पुकेकोहेत जमिनी खंडानं घेतल्या. चिनी शेतकरीही होते. 1925-26 मध्ये याच गावात व्हाईट न्यूझीलंड लीग निघाली. तिची मागणी अशी की आशियाई लोकांना जमिनी खंडानं देऊ नयेत. कारण सांगितलं जायचं की हे लोक कमी पैशात राहतात, स्वस्त विकतात, भाव पाडतात. 1926 मध्येच न्यूझीलंड इंडियन सेंट्रल असोसिएशन उभी राहिली, ती काही योगायोगानं नाही. पुढे पुकेकोहेतल्या भारतीयांनी स्वतःचा नेहरू हॉल बांधला. लग्नं, नाटकं, सिनेमे, सगळं तिथे. ज्यांना बाल्कनी नाही त्यांनी हॉलच बांधला, हे मला फार आवडलं.

हे सगळं मी कामावर जेवणाच्या सुट्टीत सांगत होते. माझ्याबरोबर एक माओरी बाई आहेत, वयानं मोठ्या, मला लेकीसारखं वागवणाऱ्या. मी तावातावानं बोलत होते, आमच्या लोकांवर कसा अन्याय झाला वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या काकांच्या वडिलांच्या शेतात कोण राबत होतं, हे विचारलंस का?”

त्यांची आजी राबत होती. गुडघ्यांना गोणपाट बांधून कांद्याच्या ओळी खुरपायची. दिवसभर. राहायला शेताच्या कडेला पत्रा-लाकडाची झोपडी, पाण्याचा नळ नाही, संडास नाही. वायकाटोकडून आणि उत्तरेकडून माओरी कुटुंबं हंगामाला यायची, काही तिथेच राहायची. जमिनीचे मालक बहुतेक गोरे, पण खंडानं कसणारे आणि मजुरी देणारे चिनी आणि भारतीयसुद्धा होते. 1929 मध्ये सरकारनं यावर चौकशी समिती नेमली होती. तिलाही माओरी बायकांच्या घरापेक्षा आशियाई मळेवाल्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधांचीच काळजी जास्त होती.

त्यांनीच मला पुस्तक वाचायला सांगितलं, रॉबर्ट बार्थोलोम्यू यांचं ‘नो माओरी अलाउड’, 2020 चं. ते वाचल्यावर माझी न्हाव्याची गोष्ट लहान झाली. न्हावी, बाल्कनी, बार, हे माओरींनाही बंद होतंच. शिवाय माओरी मुलांना पोहण्याच्या तलावात शुक्रवारी उतरू देत, कारण त्यानंतर पाणी बदललं जायचं. 1952 मध्ये माओरी मुलांसाठी वेगळी शाळाच काढली गेली. आणि त्या झोपड्यांमधून गोवर, डांग्या खोकला, न्यूमोनिया, क्षय यांनी मुलं मरत राहिली. गावच्या स्मशानभूमीत दोनशेहून अधिक माओरी अर्भकं आणि मुलं नावाचा दगडही नसलेल्या खड्ड्यांत पुरली आहेत. ज्या देशात मी मुलीला घेऊन दवाखान्यात जाते तेव्हा नर्स तिला स्टिकर देते, त्याच देशात, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर.

आणि शुक्रवारचं पाणी वाचलं तेव्हा मला इथलं काही आठवलंच नाही. महाड आठवलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. म्हणजे लीग निघाल्यावर वर्ष-दोन वर्षांत. आणि येवला तर आमच्या शेजारचा तालुका. 1935 मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. शाळेत असताना आम्हाला ही तारीख पाठ होती, 13 ऑक्टोबर, एका मार्काला. पण न्हाव्याचा प्रश्न आमच्या गावातही होता हे शाळेत कुणी सांगितलं नाही. माझ्या आजोबांच्या काळात दलित वस्तीतल्या माणसाचे केस गावचा न्हावी कापत नव्हता. कांदा लावायला येणाऱ्या बायांचे कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळे असायचे, हे मी स्वतः पाहिलंय. त्या बायांनी लावलेला कांदा लासलगावला आमच्या नावानं विकला जायचा. गोऱ्या न्हाव्याबद्दल मी रात्रभर जो हिशेब केला होता, तो शब्दाशब्दानं आमच्या गावाला लागू पडत होता.

म्हणून माझा राग कमी झाला का? नाही. काही लोक म्हणतात, आपल्याकडेही तेच होतं, मग इथल्यांना बोलायचा आपल्याला काय हक्क. मला हे पटत नाही. काकांच्या वडिलांनी कुणाचे कप वेगळे ठेवले असतील वा नसतील, त्यांचे केस कापायला हवे होते. दोन अन्याय एकमेकांना वजा करत नाहीत. आणि माओरी आजीला पाणी आणि संडास द्यायला हवा होता, तिचा मुकादम कुठल्याही देशाचा असो.

शेतकऱ्याच्या बाजूनंही एक सांगितलं पाहिजे. कांदा पिकवणारा कुठेच मोठा माणूस नसतो. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात 2 रुपयांचा चेक पडला. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रानं निर्यात बंद केली आणि ती मे 2024 पर्यंत उठली नाही. माझा भाऊ फोनवर रडायचा बाकी होता. इथेही आता मळ्यांच्या जागी घरं उठताहेत. कांद्यापेक्षा प्लॉट जास्त देतो. एवढी सोन्यासारखी माती काँक्रीटखाली घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं माझं मत आहे, आणि मी स्वतः अशाच एका नव्या वसाहतीत घर बघत होते तो विचार आता सोडलाय. नवऱ्याला पटलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण 1990 नंतर आलेले. “इथे भेदभाव नाही, आपण कष्टानं वर आलो,” असं कार्यक्रमात भाषणात म्हटलं जातं. कष्ट खरे आहेत. पण आपण ज्या दारातून सरळ आत आलो, ते दार आधीच्यांनी ढकलून उघडलेलं आहे, आणि त्या दाराच्या आतही आपल्याआधी माओरी होतेच. हे न सांगता आपण मुलांना फक्त कांदेनवमीची भजी खाऊ घालत राहिलो, तर कांदा सुपरमार्केटात पिकतो असंच ती समजणार.

ऑकलंड-हॅमिल्टनच्या वाचकांना माझी विनंती आहे. पुकेकोहेला जा, कांदे स्टॉलवरूनच घ्या, आणि काउंटरमागे म्हातारं माणूस असेल तर थांबून बोला. सिनेमागृहात खाली बसलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. माओरी कुटुंबांतही ती खुरपलेली शेतं आठवणारे थोडेच उरलेत. त्यांच्या परवानगीनं फोनवर आवाज रेकॉर्ड करा, गुजरातीत, पंजाबीत, माओरीत, ज्या भाषेत ते बोलतील तसा. पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवू नका.