मुदखेडचा मीटरगेज

मुदखेड जंक्शनवर उतरलो की पाय आपोआप फलाटाच्या टोकाकडे वळतात. इथूनच आदिलाबादचा फाटा फुटतो. आज सगळीकडे १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज आहे. पण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादकडे जी लोहवाट आली, ती मीटरगेज होती; दोन रुळांत जेमतेम एक मीटर अंतर. ती निजामाच्या हमीवर चालणाऱ्या कंपनीची होती. १९३० साली संस्थानाने ती ताब्यात घेतली आणि १९५१ साली ती भारतीय रेल्वेत आली.

रुंदीकरण हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. मनमाडला गाडी बदलण्याचा त्रास मराठवाड्याने वर्षानुवर्षे सोसला आहे. पण नवे रूळ पडताना जुन्याची नोंद कोण ठेवतो? कुंपणाला खांब म्हणून रोवलेला रुळाचा तुकडा मी निरखून पाहतो. रुळाच्या अंगावर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. गंज खरवडला की अक्षरे हाताला लागतात. तोच आपला शिलालेख.

लातूरकडे बार्शी लाइटची ७६२ मिलिमीटरची वाट होती. तिच्याबद्दल थोडेफार लिहिले गेले. आपल्या मीटरगेजबद्दल फारच कमी. म्हणून जुन्या मोऱ्या, पडके क्वार्टर यांचे फोटो तारखेसह काढावेत. निवृत्त गँगमन, सांधेवाले यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. भंगाराचा लिलाव होतो, आठवणींचा होत नाही. त्या माणसाबरोबरच जातात. हे काम आपल्याच पिढीने करायचे आहे.