लाल बाईचं माणिक

चिंचपेटीसारखा गळ्याला घट्ट बसणारा पट्टा, मधोमध ठसठशीत लाल माणिक. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतली प्रकाशाच्या देवाची पुजारीण मेलिसांद्र खोलीत शिरली की आधी हेच डोळ्यांत भरतं. स्वभावाने मिजासखोर. एरवी मख्ख, वेळ आली की धगधगतं. २०१२ च्या दुसऱ्या पर्वात म्हातारा क्रेसन तिला विष पाजण्यासाठी आधी स्वतः त्याच पेल्यातून पितो. तो कोसळतो. ती उरलेला पेला रिकामा करते, माणिक उजळतं आणि बाई जशीच्या तशी! विष पचवलं कोणी? प्रकाशाच्या देवाने, बाईने की खड्याने? माणिक साक्षीला हजर, पण जबानी देत नाही. आपले ज्योतिषी माणिक सूर्याचं म्हणून बोटात घालायला लावतात. निदान ते गळ्याशी येत नाही.

या खड्याने न दिपणारा माणूस म्हणजे डाव्होस, पूर्वाश्रमीचा तस्कर. बाईच्या पोटातून काळी सावली जन्मताना त्याने गुहेत स्वतः पाहिली. चमत्कार घडतात, याबद्दल त्याला शंकाच नाही. घडतात म्हणून हात का जोडायचे, एवढाच त्याचा सवाल. देव नाही हे सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडणारा हा नास्तिक मला फार आवडतो.

२०१४ च्या चौथ्या पर्वात बाई टबात न्हात बसलीय, गळा मोकळा. राणी सेलीसला ती आपल्या कुप्या दाखवते आणि सरळ सांगते, यातल्या बऱ्याचशा लोकांना भुलवायच्या. पुढे २०१६ मध्ये पट्टा उतरवल्यावर आरशात जख्ख म्हातारी दिसते. मग टबात ती तरुण कशी? चाहत्यांनी चूक पकडली. असेलही चूक. पण गळ्यात माणिक नसताना बाई खरं बोलते, हे मला पटतं.

मधल्या काळात बाईच्या सांगण्यावरून राजा स्टॅनिसची लेक शिरीन चितेवर गेली. बर्फ वितळला खरा, पण निम्मं सैन्य रातोरात पळालं आणि राजाही मेला. डाव्होसला अक्षरं गिरवायला शिकवली होती ती या पोरीनेच.

तरीही सेनापती जॉन स्नोचं प्रेत समोर असताना त्याला उठव म्हणून बाईला गळ घालतो तो डाव्होसच. जॉन उठतो. पलीकडे काय दिसलं, या तिच्या प्रश्नाला त्याचं उत्तर : काहीच नाही. २०१६ चं ते पर्व संपता संपता डाव्होस शिरीनचं जळकं लाकडी हरीण बाईकडे फेकतो आणि तिने जिवंत केलेल्या त्याच जॉनकडे तिला ठार मारायची परवानगी मागतो.