सूर्यमंदिराच्या गावी उन्हाची वीज

गुजरातेत जाण्याचा योग आला, तर मेहसाणा जिल्ह्यातील मोढेरा हे गाव अवश्य पाहा. मेहसाणा शहरापासून ते सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मुलूख सपाट, जमीन हलकी, वालुकामिश्र. वाटेने एरंडीची शेते लागतात, रब्बीत मोहरी पिवळीधमक फुललेली असते. दारोदारी प्रसिद्ध मेहसाणी म्हशी. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या घेऊन माणसे संघाकडे निघालेली दिसतात. आपल्याच एखाद्या गावात आल्यासारखे वाटते.

गावाजवळ पुष्पावती नदीच्या काठी सूर्यमंदिर आहे. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळात, इ. स. १०२६-२७ च्या सुमारास ते बांधले गेले. पुढे पायऱ्या-पायऱ्यांचे मोठे कुंड, मग ५२ खांबांचा सभामंडप आणि मागे गाभारा. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही, पूजाही होत नाही. मात्र दगडातील कोरीवकाम पाहताना मान दुखेपर्यंत नजर खाली येत नाही.

मंदिर पाहून बहुतेक प्रवासी परततात. तुम्ही तसे करू नका. गावात फेरी मारा आणि घरांच्या छपरांकडे पाहा. दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या निळ्या-काळ्या सोलरच्या प्लेटा घरोघरी दिसतील. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेरा हे दिवसरात्र सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. येथील १,३०० हून अधिक घरांवर प्रत्येकी १ किलोवॅटचे संच बसवले आहेत. शेजारच्या सुजाणपुरा गावी ६ मेगावॅटचा मोठा प्रकल्प आहे. दिवसाची जादा वीज तेथील बॅटऱ्यांत साठवून रात्री वापरतात. हा सारा खर्च केंद्र आणि गुजरात सरकारने निम्मा-निम्मा उचलला, गावकऱ्यांना पैसे भरावे लागले नाहीत. पूर्वी मोठे बिल भरणाऱ्या काही घरांचे बिल आता शून्यावर आल्याचे गावकरी सांगतात.

तुम्ही म्हणाल, त्यांचे भाग्य थोर, आमचे काय? आपल्याकडेही सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे. २०२४ साली ती महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम ठरली. शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. देशातील एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान मिळते. उरलेल्या रकमेसाठी बँका विनातारण कर्ज देतात.

आता हिशेब समजून घ्या. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळे छप्पर लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल, तर १ ते २ किलोवॅट पुरे. शेजाऱ्याने ३ बसवले म्हणून आपणही ३ बसवू नयेत. घरात दिवसा जादा झालेली वीज तारेतून महावितरणकडे जाते आणि रात्री तेथून परत घेता येते. शेजारणीला पीठ उसने द्यावे आणि गरजेला परत आणावे, तसा हा व्यवहार. दोन्हीकडची नोंद ठेवणारे नेट मीटर त्यासाठीच बसवतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. बिनबॅटरीचा संच तारेतली वीज गेली की बंद पडतो, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय आहे. भारनियमनातही दिवे हवे असतील, तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागेल. विकणारे हे नेहमीच सांगतात असे नाही.

जागेचाही विचार करा. कडुनिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची थोडी सावली पडली, तरी वीज बरीच घटते. स्लॅबवर सांगाडा थोडा उंच घेतला, तर खाली पापड-कुरडया वाळवायला जागा राहते. पत्र्याच्या घराची कैची मजबूत आहे ना, हे आधी तपासून घ्या. मळणीच्या दिवसांत प्लेटांवर धूळ बसते. ती सकाळी लवकर मऊ फडक्याने पुसावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

फसवणुकीपासूनही जपा. अर्ज सरकारी पोर्टलवर स्वतःच्या नावाने करा. मोबाइल जमत नसेल, तर शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवा. काम योजनेत नोंदलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. अनुदान काम तपासून झाल्यावर तुमच्याच बँक खात्यात जमा होते, म्हणून ‘आधी पैसे द्या, अनुदान मी आणतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच निरोप द्या. पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी घ्या आणि कागद जपून ठेवा. शेतीपंपासाठी सौर योजना वेगळ्या आहेत, त्यांची यात गल्लत करू नका.

शेवटचे सांगणे आईबापांना. घरात आय. टी. आय. झालेला मुलगा किंवा मुलगी नोकरीची वाट पाहत बसली असेल, तर हा धंदा त्यांच्यासाठी आहे. ‘सूर्यमित्र’ नावाचे प्रशिक्षण केंद्राने २०१५ साली सुरू केले. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर झालेल्यांना हे काम लवकर हाती बसते. सांगाडा बांधणे, तारा जोडणे, अर्थिंग करणे, मीटरचे कागद पुरे करणे, नंतर सफाई आणि दुरुस्ती, अशी कामे तालुक्यातच मिळतात. आधी एखाद्या नोंदलेल्या विक्रेत्याच्या हाताखाली काम शिकावे, मग स्वतःची नोंदणी करावी. संच वीस-पंचवीस वर्षे छपरावर राहणार, म्हणजे दुरुस्तीला माणूसही तितकी वर्षे लागणार. तो माणूस शहरातून बोलावण्यापेक्षा आपल्याच गावचा असलेला काय वाईट?