तिरोड्याच्या ताईस

नागपूर, बुधवार

ती. ताईस,


फोनवर तू बोलायला लागलीस की मला मधे शिरायला फट सापडत नाही, म्हणून लिहिते. शेजारचा मुलगा उद्या तिरोड्याला येतोय, त्याच्या हाती पाठवते. तिकडे रोवणी सुरू असेल, भाऊजी दिवसभर बांधावर. दुपारी एकटी असशील तेव्हा वाच आणि वाचून झालं की फाडून टाक. पोरं माझ्याकडे राहून आयव्हीएफचे उपचार घेताहेत, ती रविवारी घरी येतील, सुनेच्या हाती हे लागायला नको.

सांगायचं एकच आहे. ‘टेन्शन घेऊ नकोस, टेन्शन घेतलं की राहत नाही’ हे तू तिला म्हणणं बंद कर. मायेनं म्हणतेस, माहीत आहे मला. पण तिच्या कानात ते कसं उतरतं? मूल होत नाही याचं दुःख आधीच आहे. आता त्या दुःखापायीच होत नाही म्हटलं की खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर. काल रात्री भांडी आवरताना तिनं मला विचारलं, “मावशी, परवा दवाखान्यातून येताना मी ऑटोत रडले, त्यानं आतमध्ये काही बिघडलं असेल का?” मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिला समोर बसवलं.

माझं वय नर्सिंगमध्ये गेलं, तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न धसास लावला. 14 अभ्यास एकत्र केले, त्यांत 3,583 बायका. उपचाराआधी कोण किती काळजीत होती, किती खचलेली होती याची नोंद होती आणि त्या खेपेला दिवस राहिले की नाही याचीही. दोन्हींचा काही संबंध निघाला नाही. रडणारीला राहिले, हसणारीला नाही राहिले, आणि उलटंही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण खांदे सैल पडले तिचे. आता तेच तूही तिला सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर माझ्यापेक्षा दसपट उपयोग होईल.

काळजी खोटी आहे असं मात्र नाही. 1993 साली अमेरिकेत अॅलिस डोमर यांनी मोजून पाहिलं, तर अशा बायकांची घालमेल आणि उदासी कॅन्सरच्या आणि हृदयविकाराच्या रोग्यांच्या तोडीची निघाली. कॅन्सरच्या माणसाला भेटायला जाताना आपण आवाज खाली ठेवतो. हिला मात्र भर मांडवात विचारतात, “काय मग, गुड न्यूज?”

आणि ते तुमसरचं डोहाळजेवण. ताई, मी पाहत होते. ओटी भरायला पाच जणींना हाक मारलीस, सातवी-आठवीलाही मारलीस, आणि ही मागच्या अंगणात सरबताचे ग्लास विसळत होती. धुतलेलेच पुन्हा धूत होती. तू मुद्दाम केलं नाहीस, पण नजर चुकवलीस. पुढच्या वेळी तिला आधी विचार: येतेस का, ओटी भरतेस का? नाही म्हणाली तर घरी राहू दे, कारण विचारू नकोस.

आता तुझ्या लेकाचं. ‘त्याला काही वाटतच नाही’ असं तू म्हणालीस, तिलाही अधूनमधून तसंच वाटतं. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून सुई टोचायला तो इथं माझ्या स्वयंपाकघरात शिकला. पहिल्या दिवशी हात असा थरथरला की तिनंच त्याचं मनगट धरलं. शेवटच्या, ट्रिगरच्या इंजेक्शनची वेळ मिनिटावर सांभाळायची असते, कारण साधारण 36 तासांनी अंडी काढतात. त्या रात्री त्यानं स्वतःच्या मोबाइलवर गजर लावला, तिच्यावर लावला, माझ्यावरही लावला. मागच्या खेपेला रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा ती तीन दिवस झोपून होती आणि हा दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये शिफ्टला गेला. तिला वाटलं, दगड आहे. महिन्याभरानं तो माझ्या गॅलरीत बसून रडला, तेव्हा ती जरा सावरलेली होती, म्हणून तिला उठवायचं नाही म्हणाला. दोघांचं दुःख एका वेळी वर येत नाही, म्हणून दोघं एकमेकांना कोरडे वाटतात. यात मी पडत नाही, तूही पडू नकोस. फक्त एकाजवळ दुसऱ्याबद्दल कुरकुर करू नकोस. (प्लांटमध्ये रजा मागताना तो तुझी गुडघेदुखी सांगतो. साहेब भेटायला आलेच तर जरा लंगड.)

‘दोष कुणात आहे’ हे तू तीनदा विचारलंस. मला रिपोर्ट माहीत आहेत आणि मी सांगणार नाही. एवढं सांगते, की अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडूनही कारण असतं, आणि पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी असून आपल्याकडे ती सगळ्यांत शेवटी होते. तोवर बायकोचे उपास आणि अंगारे सगळे करून झालेले असतात. अशा उपचारांसाठीच्या 2021च्या कायद्यानं दवाखान्यांवर गुप्तता पाळायचं आणि जोडप्याला नीट समुपदेशन द्यायचं बंधन घातलं आहे. मावशी-काकूंवर कायदा चालत नाही, तो आपला आपणच लावून घ्यायचा.

मूल ‘आपलंच’ ना, हा तुझा दुसरा प्रश्न. अंडं तिचं, बीज त्याचं, प्रयोगशाळेत साधारण पाच-सहा दिवस, बाकी नऊ महिने पोटातच. ऑगस्ट 1986मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हाही तू ‘बाटलीत वाढतं काय?’ असंच विचारलं होतंस. ती हर्षा 2016मध्ये स्वतः आई झाली.

पैशाचं जपून लिहिते. एका खेपेला लाखाच्या वर जातात, आयुष्मान कार्डावर हे बसत नाही. तू पाटल्या मोडून दिल्यास, कुणी सासू देत नाही. पण दर आठवड्याला पाटल्यांची आठवण निघाली की त्या पोरीला प्रत्येक सुई तुझ्या सोन्याची वाटते. एका खेपेत यश येण्यापेक्षा न येण्याचीच शक्यता जास्त असते, हे डॉक्टरांनी दोघांना सांगितलं आहे. पुन्हा करायचं की थांबायचं, दत्तक घ्यायचं की दोघांनीच राहायचं, हे ती दोघं ठरवतील. आपण सुचवायचंसुद्धा नाही.

तुलाही नातवंड हवं आहे, रात्री तुलाही झोप लागत नाही, हे मला कळतं. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. पोरांना मी दिलाय. तूही लावून पाहा, बोलायला तू कमी पडणार नाहीस.

रविवारी आल्यावर तिला पलंगावर आडवी पाडून ठेवू नकोस, त्याचा काही फायदा नसतो. जिना चढू दे, भाजी निवडू दे. छाती दुखते, पोट फुगतं असं म्हणाली तर लगेच खुश होऊ नकोस, आत्ता चालू असलेल्या गोळ्यांनीही तसंच होतं. दिवस राहिले की नाही ते कळायला मंगळवारी गोंदियाला तपासणीसाठी रक्त देतील, संध्याकाळी रिपोर्ट. दोघं आधी आपसात बोलतील, मग तुला सांगतील. त्या रात्री नाही सांगितलं तर बुधवारी सांगतील. तोवर तुला राहवलं नाही तर फोन मला कर, त्यांना नको. आणि शेजारच्या पोरासोबत दोन पायली चिन्नोर पाठव, इथला तांदूळ मला जात नाही.

तुझी,
धाकटी