बूस्ट कमी, पण दोष कुणाचा?

डिझेल गाडी चढाला ओढेनाशी झाली, ओव्हरटेक करताना पिकअप मिळेना, स्कॅनर लावला आणि त्यावर बूस्ट कमी असल्याचा पी ०२९९ हा कोड आला, की बऱ्याच गॅरेजांत निकाल लागलेला असतो: टर्बो गेला, बदलावा लागेल. मालकालाही ते पटतं. हवा दाबून आत पाठवणं हे टर्बोचं काम. हवाच कमी पोचत असेल तर दोष दुसऱ्या कुणाचा असणार? हा तर्क सरळ वाटतो, पण तो अपुरा आहे आणि त्याचा भुर्दंड गाडीवाल्याला पडतो. टर्बो हा इंजिनाच्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. त्याच्यावर सगळ्यात शेवटी संशय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे, आणि ते या यंत्राच्या रचनेतूनच निघतं.

स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलं, त्यामागचा विचार आजही बदललेला नाही: सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरातली ऊर्जा वापरून इंजिनात जादा हवा कोंबायची. शाफ्टच्या एका टोकाला धुरावर फिरणारं टर्बाइन, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक; छोट्या गाड्यांत ही जोडी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपासही जाते. पण ती फिरते दुसऱ्याच्या जिवावर. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला काळा धूर टाळायचा तर त्याहून जास्तच हवा हवी. म्हणून ईसीयू आधी हवा मोजतो आणि तिला झेपेल एवढंच डिझेल सोडतो. ते जळून गरम धूर निघतो, धूर टर्बाइन फिरवतो, टर्बाइन आणखी हवा आणतं आणि त्या हवेच्या जोरावर आणखी डिझेल सुटतं. असं हे वर्तुळ आहे. त्यात कुठेही खोट आली, तरी ती फिरत फिरत बूस्टच्या आकड्यात उतरते. डिझेल फिल्टर तुंबला, रेल प्रेशर चढेना, तर धुरात उष्णता कमी आणि बूस्टही कमी. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर टर्बाइनकडे जायचा धूर मधूनच परत इंजिनात, म्हणून बूस्ट कमी. सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा बीएस-६ गाड्यांतला डीपीएफ काजळीने भरला, तर धुराला पुढे वाट नाही आणि टर्बाइनला वेग नाही. या तिन्ही ठिकाणी टर्बो धडधाकट असतो आणि तरीही कोड एकच येतो. पी ०२९९ एवढंच सांगतो की मागितला तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: गाडी खरंच मंद झाली आहे, की तिचा स्वभावच तसा आहे? फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आपल्या रस्त्यांवर स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. त्याच्या ७५ पीएसच्या रूपात साध्या वेस्टगेटचा टर्बो आहे आणि त्याचा १९० न्यूटनमीटरचा पूर्ण टॉर्क २००० आरपीएमला मिळतो. चौथ्या गिअरमध्ये १४००वर पाय दाबून 'ओढत नाही' अशी तक्रार झाली, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं; गिअर उतरवायला हवा. उलट आरपीएम भराभर चढतात आणि वेग मात्र वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतो आहे. ब्रेक चिकटून चाक गरम होत असेल, तरी गाडी अशीच जड चालते. इंजिनाला हात लावण्याआधीच सुटणाऱ्या या गोष्टी आहेत.

आता हवेची वाट. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं, कारण इथला दोष सगळ्यात स्वस्त असतो आणि सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतो. टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज पाइप तेल आणि उष्णता खाऊन मऊ पडतात. त्यांची चीर बहुधा खालच्या बाजूला असते आणि गाडी उभी असताना ती मिटलेली राहते. दाब चढला की उघडते. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर हवा भरल्याशिवाय सापडत नाही, तसंच हे. म्हणून नुसतं बघून 'पाइप ठीक आहेत' म्हणणं ही तपासणी नव्हे. टर्बोच्या आधीचं तोंड बंद करून, रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरने गाडीच्या बूस्टपेक्षा जास्त होणार नाही एवढाच दाब द्यायचा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी टाकायचं. क्लिपजवळ तेलकट काळा डाग दिसला, तर सुरुवात तिथून करावी. धूरही पुष्कळ सांगतो. हवा मोजणाऱ्या सेन्सरमधून गेलेली हवा टर्बोच्या पुढे गळत असेल, तर ईसीयू मोजलेल्या हवेवर डिझेल सोडतो, सिलिंडरमध्ये मात्र हवा कमी पोचते. पाय दाबला की काळा धूर. तोच पाइप टर्बोच्या अलीकडे फाटला असेल, तर न मोजलेली हवा आत ओढली जाते, ईसीयू डिझेल आखडतं घेतो, गाडी बिनधुराची पण मरगळलेली चालते, आणि फिल्टर चुकवून आलेली धूळ हवा दाबणाऱ्या चाकाची पाती झिजवत राहते. इथे वीस-तीस सेंटिमीटरचं रबर बदललं नाही, तर पुढे टर्बो खरोखरच जातो.

व्हीजीटी असलेल्या गाड्यांत आणखी एक वळण आहे. टर्बाइनभोवतीच्या पात्यांची फट कमी-जास्त करून हा टर्बो खालच्या आरपीएमलाही दाब देतो आणि बऱ्याच गाड्यांत ही पाती व्हॅक्यूमवर हलतात. व्हॅक्यूम पंपाकडून निघालेली बारीक नळी सोलेनॉइडमधून अॅक्च्युएटरपर्यंत जाते. उंदराने ती कुरतडली किंवा उष्णतेने टोकाशी तडकली, की पाती उघडीच राहतात आणि खालचा सगळा जोर नाहीसा होतो. हातपंपाने अॅक्च्युएटरला व्हॅक्यूम द्यावा: दांडी सुरळीत पूर्ण सरकते का आणि तिथेच धरून राहते का? व्हॅक्यूम टिकला नाही तर पडदा फाटला. टिकला, पण दांडी अडखळली, तर पात्यांत काजळी. दोन्ही ठीक निघालं, तर मागे सोलेनॉइड आणि नळीकडे वळायचं. या तीन दोषांच्या दुरुस्तीचा खर्च परस्परांच्या जवळपासही नाही, आणि मालकाला त्यांतला फरक सांगणं हे आपलं कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, स्कॅनरवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारीशेजारी दिसतात की. दिसतात, आणि ते बघितल्याशिवाय काम सुरूच करू नये. पण तो आकडा सेन्सरचा असतो आणि सेन्सरही तपासावा लागतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू केली, तर दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९५०, महाबळेश्वरला ८६०च्या आसपास. पुण्यात तो १०५० दाखवत असेल, तर मोठी गल्लत आहे. ईसीयूला वाटतं दाब पुरेसा झाला, तो टर्बोला लवकर आवरतो, आणि स्कॅनरवर दोन्ही आकडे अगदी जुळलेले दिसतात. कोड नाही, फरक नाही, गाडी मात्र ओढत नाही. आकडे वाचताना आणखी एक भान हवं. बरेच स्कॅनर बाहेरच्या हवेसकट एकूण दाब दाखवतात. २००० मिलिबार दिसले म्हणजे समुद्रसपाटीला टर्बोची कमाई त्यातली निम्मीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टॅक्सीवाल्याची किंवा भाजीची पिकअप चालवणाऱ्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याची रोजी बुडते; तपासण्या करत बसण्यापेक्षा टर्बो बदलून मोकळं करावं, असं अनेक अनुभवी मिस्त्री मनापासून म्हणतात. त्यांची तळमळ मी समजू शकतो, हिशेब मात्र पटत नाही. चावी चालू करून सेन्सर वाचणं, हातपंप लावणं, पाइपांत दाब देणं, रेल प्रेशर आणि ईजीआर पाहणं हे टर्बो खोलून बसवण्याच्या मानाने थोडक्यात होतं. आणि होज फाटलेला राहून नवा टर्बो बसला, तर गाडी पुन्हा येते. तेव्हा दिवसही जातो, पैसेही जातात. ईजीआर बंद करून किंवा डीपीएफ पोकळ करून गाडी पळवण्याचा उपाय मी उपाय मानत नाही. तो नियमबाह्य आहे, धूर सगळ्यांच्या छातीत जातो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

तिसरा आक्षेप खरा आहे: जुन्या गाडीत टर्बो गेलेला असूही शकतो. जरूर. शाफ्टला किंचित आडवी हालचाल असतेच, कारण चालू असताना तो तेलाच्या थरावर तरंगतो. तेवढ्यावरून त्याला बाद ठरवू नये. पण शाफ्ट पुढेमागे सरकताना हाताला जाणवला, चाक घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, पाती तुटलेली निघाली, तर टर्बो बदलायलाच हवा. मात्र तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं, कारण टर्बो सहसा आपणहून मरत नाही. त्याला तेल देणारा पाइप आतून जळक्या तेलाने अरुंद झाला आहे का, तेल परत नेणारा पाइप दबला आहे का, ऑइल किती उशिरा बदललं गेलं, घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करायची सवय आहे का, एअर फिल्टरच्या पेटीत धूळ कुठून आली, हे सगळं विचारून आणि पाहून मगच नवा बसवावा. तेलाचा पाइप जुना ठेवून बसवलेला टर्बो त्याच मार्गाने जाण्याची भीती असते. काम झाल्यावर ज्या चढावर, ज्या गिअरमध्ये, जेवढ्या आरपीएमपासून आधी ट्रायल मारली होती, तिथेच तशीच पुन्हा मारावी, आणि मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि रेल प्रेशर, तिन्ही आकडे आधीच्या आकड्यांशेजारी बिलाच्या मागे लिहून मालकाच्या हातात द्यावेत. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली, तरी तिथल्या मिस्त्रीला तपास तिथून पुढे नेता येईल.